काढलेल्या डोळ्यांचा इतिहास: कर्करोग, कॉर्निया आणि शिराझचा एक नेत्रतज्ज्ञ

१/
मार्च १९८८. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर. नेत्रतज्ज्ञ मार्गरीट मॅकडोनाल्ड यांच्यासमोर साठीच्या आसपासची एक स्त्री बसली होती. तिच्या डोळ्याच्या खोबणीत कर्करोग पसरला होता. डोळा स्वतः निरोगी होता, त्याने दिसतही होते. पण खोबणीतला रोग काढायचा तर डोळ्यासकट सारे काढणे भाग होते. त्या बाईने वैद्यकापुढे एक देणे ठेवले. डोळा काढला जाईपर्यंत जे थोडे दिवस हाती होते, तेवढ्या दिवसांत त्या डोळ्यावर प्रयोग करण्याची परवानगी तिने दिली.

२/
त्या डोळ्याच्या कॉर्नियावर लेझरचे किरण सोडले गेले. दृष्टी शाबूत असलेल्या मानवी डोळ्यातील चष्म्याचा नंबर लेझरने घालवण्याचा तो पहिला प्रयत्न होता. काही दिवसांनी ठरल्याप्रमाणे डोळा काढण्यात आला आणि प्रयोगशाळेत तपासला गेला. आज चष्मा उतरवण्यासाठी दवाखान्यात जाणाऱ्या तरुणांपैकी फारच थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असते.

३/
मित्रहो, आजचा धागा अशा काढलेल्या डोळ्यांविषयी आहे. डोळ्याचा कर्करोग आणि कॉर्नियाची शस्त्रक्रिया हे दोन विषय वरकरणी एकमेकांपासून दूरचे वाटतात. एकात प्राण पणाला लागलेले असतात, दुसऱ्यात दृष्टी. परंतु गेल्या दोनशे वर्षांत हे दोन प्रवाह पुन्हा पुन्हा एकमेकांना येऊन मिळाले, आणि एका माणसाच्या संशोधनात तर ते शेजारी शेजारी वाहिले. त्याचे नाव घोलाम पेमन. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

४/
आधी डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. डोळा ही एक लहानशी खोली मानली, तर कॉर्निया, म्हणजे पारपटल, ही तिची पुढची काच. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. रक्तवाहिनी एकही नाही. बाकीच्या भिंतीला तीन थर. बाहेर पांढरे श्वेतपटल, मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेले रंजितपटल, आत प्रकाश टिपणारे दृष्टिपटल. लहान मुलांचा नेत्रकर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, दृष्टिपटलात उगवतो. प्रौढांचा मेलॅनोमा बहुधा रंजितपटलात.

५/
आपली गोष्ट सुरू होते १८०९ मध्ये. स्कॉटलंडचा तरुण शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप याने मऊ गाठींच्या एका भयंकर कर्करोगावर ग्रंथ लिहिला. लहान मुलांच्या डोळ्यांतील गाठींची त्याने चिरफाड करून पाहणी केली. हा रोग दृष्टिपटलातून निघतो आणि दृष्टिचेतेच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, हे त्याने ओळखले. उपायही त्यानेच सुचवला: रोग लवकर ओळखून संपूर्ण डोळा काढून टाकावा.

६/
हा सल्ला देताना काळ कोणता होता, हे ध्यानात घ्यावे. भूल देण्याची कला अजून सदतीस वर्षे दूर होती. जंतू म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हते. शुद्धीवर असलेल्या लेकराचा डोळा काढायचा, आणि तोही ते वाचेलच याची खात्री नसताना! अनेक समकालीनांना हा सल्ला क्रूर वाटला. रोगनिदानाच्या बाबतीत मात्र वॉर्ड्रॉप बरोबर होता.

७/
विशेष म्हणजे हाच वॉर्ड्रॉप कॉर्नियाच्या इतिहासातही भेटतो. १८०८ मध्ये, म्हणजे कर्करोगावरील ग्रंथाच्या वर्षभर आधी, त्याने डोळ्याच्या रोगट रचनेवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. कॉर्नियाच्या दाहाला ‘केरॅटायटिस’ हे नाव देण्याचे श्रेय त्याला दिले जाते. आजही प्रत्येक नेत्ररुग्णालयात हा शब्द रोज उच्चारला जातो.

८/
१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र जगापुढे आणले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच स्पष्ट दिसू लागला. गाठ लहान असतानाच हेरता येऊ लागली. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने डोळा काढताना दृष्टिचेताही शक्य तितकी लांब कापण्याचा आग्रह धरला, कारण रोग त्याच वाटेने पळतो. एकोणिसावे शतक संपेपर्यंत नियम पक्का झाला होता: कर्करोग दिसला की डोळा काढायचा. शिर सलामत तर पगडी पचास, हाच त्यामागचा हिशेब.

९/
आता दुसरा प्रवाह पाहू. देवी, जखमा, चुन्याचे भाजणे, जंतुसंसर्ग यांनी कॉर्निया पांढरा पडला, तर आतला डोळा धडधाकट असूनही माणूस आंधळा होतो. खोलीत दिवा जळतो आहे, पण काच काजळलेली आहे, अशी ही अवस्था. मग काचच बदलली तर? १८२४ मध्ये जर्मन शल्यविशारद फ्रांझ रायझिंगर याने या कल्पनेला ‘केरॅटोप्लास्टी’ हे नाव दिले. नाव आले, पण यश काही आले नाही.

१०/
एक नवलाची घटना इजिप्तमधली. सॅम्युअल बिगर हा आयरिश शल्यविशारद कैरोजवळ भटक्या अरबांच्या कैदेत सापडला होता. तेथे पाळलेल्या एका हरिणाचा कॉर्निया निकामी होऊन त्याला दिसेनासे झाले होते. बिगरने दुसऱ्या एका हरिणाचा कॉर्निया काढून तेथे बसवला आणि थोड्याच दिवसांत त्या जनावराला दिसू लागले. हा वृत्तांत त्याने १८३७ मध्ये प्रसिद्ध केला. मग अनेकांनी डुकरांचे, सशांचे कॉर्निया माणसांना बसवून पाहिले. सारे धुरकटले.

११/
का धुरकटले? त्याचे अर्धे उत्तर त्या प्रयत्नांतच होते: कॉर्निया परक्या जातीच्या प्राण्याचा होता. बिगरच्या हरिणाला मिळाला तो हरिणाचाच. उरलेले अर्धे उत्तर हत्यारांत आणि स्वच्छतेत दडले होते. १८८० च्या दशकात आर्थर फॉन हिप्पेल याने घड्याळासारख्या चावीवर फिरणारे गोल पाते बनवले. त्यामुळे कॉर्नियाची स्वच्छ काठाची गोल चकती कापता येऊ लागली. तोवर भूल आली होती, निर्जंतुकीकरणही आले होते.

१२/
७ डिसेंबर १९०५. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील ओलोमोउत्स शहर, जे आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेथील नेत्रतज्ज्ञ एदुआर्द झिर्म यांच्यासमोर पंचेचाळीस वर्षांचा एक मजूर होता. चुन्याने त्याचे दोन्ही कॉर्निया भाजून निघाले होते. आणि त्याच रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसला होता आणि तो डोळा वाचवणे अशक्य झाले होते.

१३/
झिर्म यांनी मुलाचा डोळा काढला. त्या एका डोळ्याच्या कॉर्नियातून त्यांनी दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवल्या. उजवी टिकली नाही. डावी मात्र पारदर्शक राहिली. मजुराला पुन्हा काम करता येईल इतके दिसू लागले. माणसाचा कॉर्निया माणसाला बसवून कायम टिकल्याची ही इतिहासातील पहिली नोंद. मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण याच्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने झाले.

१४/
कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तेथे सहजी पोहोचत नाहीत. परका तुकडा म्हणूनच निभावून जातो. झिर्म यांच्या यशाचे शास्त्रीय कारण हे. त्याचा मानवी पाया मात्र वेगळा होता. एका मुलाचा डोळा गेला, म्हणून एका मजुराचा डोळा आला. या पद्धतीने किती जणांना दृष्टी देता येणार? कुणाचा तरी डोळा काढावा लागेपर्यंत वाट पाहायची, एवढेच वैद्याच्या हाती उरत होते.

१५/
ही कोंडी ओडेसाच्या व्लादिमीर फिलातोव्ह यांनी फोडली. १९३० च्या दशकात त्यांनी मृत व्यक्तींच्या थंडाव्यात जपलेल्या कॉर्नियांचे रोपण मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. जिवंत माणसाचा डोळा काढला जाण्याची वाट पाहणे संपले. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेत्रपेढी उभी राहिली. पाठोपाठ १९४५ मध्ये मद्रासच्या एग्मोर येथे भारतातील पहिली नेत्रपेढी सुरू झाली. आपल्याकडे मुंबई राज्याने १९५७ मध्ये कॉर्निया रोपणाचा स्वतंत्र कायदा केला.

१६/
कॉर्नियाच्या इतिहासाला पुढचे वळण दक्षिण अमेरिकेत मिळाले. बार्सेलोनाच्या नेत्रवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले होसे इग्नासियो बाराकेर कोलंबियातील बोगोटा येथे स्थायिक झाले. त्यांचा प्रश्न निराळा होता. कॉर्निया पारदर्शक आहे, पण त्याचा बाक चुकला आहे, म्हणून माणसाला चष्मा लागतो. मग बाकच का बदलू नये? १९४९ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली.

१७/
बाराकेर यांची कृती ऐकून आजही अंगावर काटा येतो. सुताराच्या रंध्यासारख्या एका सूक्ष्म यंत्राने ते कॉर्नियाची वरची चकती तासून काढत. ती गोठवून लहानशा लेथवर हव्या त्या आकारात घासत, आणि मग पुन्हा डोळ्यावर शिवत. या क्रियेला त्यांनी नाव दिले ‘केरॅटोमिल्युसिस’, म्हणजे ग्रीक भाषेत कॉर्नियाचे कोरीवकाम. कल्पना अचूक होती. पण गोठवण्याने पेशी मरत आणि टाके बाकाला ओढ देत. कोरायला याहून नाजूक हत्यार हवे होते.

१८/
ते हत्यार यायला अजून अवकाश होता. तोवर कर्करोगाकडे परत वळू. विसाव्या शतकात काही वैद्यांना जुना नियम टोचू लागला होता. एकच डोळा उरलेल्या माणसाच्या त्याच डोळ्यात गाठ झाली, तर? दोन्ही डोळ्यांत रोग घेऊन जन्मलेल्या बाळाचे काय? १९३० च्या सुमारास लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात फॉस्टर मूर यांनी डोळा न काढता गाठीतच किरणोत्सर्गी रेडॉनचे बारीक कण रोवले.

१९/
मूर यांचे काम पुढे नेले त्यांचे सहकारी हायला ब्रिस्टो स्टॅलार्ड यांनी. इतिहासप्रेमींना हे नाव निराळ्या कारणाने ओळखीचे असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवणारे धावपटू ते हेच. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटातही त्यांचे पात्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी कोबाल्टच्या किरणोत्सर्गी चकत्या घडवल्या. गाठीच्या नेमक्या मागे, डोळ्याच्या बाहेरून, त्या काही दिवस शिवून ठेवायच्या आणि काम झाले की काढून घ्यायच्या. अनेक मुलांचे डोळे त्यांनी असे राखले.

२०/
तिसरा मार्ग जर्मनीत, थेट सूर्याकडून आला. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या काही लोकांचे दृष्टिपटल भाजले. त्यातल्या एका विद्यार्थ्याचा डोळा तपासताना हॅम्बुर्गचे गेर्ड मायर-श्विकेराट यांच्या मनात आले की, प्रकाश जर दृष्टिपटल जाळू शकतो, तर तो हवे तेथेच जाळून इलाजही करू शकेल. रुग्णालयाच्या छतावर आरसे मांडून त्यांनी सूर्यकिरण रुग्णाच्या डोळ्यात सोडले आणि दृष्टिपटलाची भोके बुजवली. ढग आले की शस्त्रक्रिया थांबे!

२१/
पुढे झेनॉन वायूचा दिवा आला आणि ढगांची भीती गेली. मायर-श्विकेराट एसेन शहरात गेले आणि डोळ्यातील लहान गाठीही प्रकाशाने जाळू लागले. एसेनचे नेत्ररुग्णालय जगप्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकात त्याच एसेनमध्ये एक तरुण इराणी डॉक्टर नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेत होता. धाग्याच्या आरंभी ज्याचे नाव आले, तो हा घोलाम पेमन.

२२/
पेमन यांचा जन्म १९३७ चा, इराणमधील शिराझचा. एकोणिसाव्या वर्षी ते जर्मनीला गेले. १९६२ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली, मग एसेनला दृष्टिपटलाचा अभ्यास केला. त्यानंतर ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि १९७१ पासून शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात शिकवू लागले. एसेनहून त्यांनी एक दृष्टी सोबत आणली होती. डोळ्यात किरण, हत्यार, औषध, काहीही नेता येते. फक्त ते नेमक्या जागी थांबवता आले पाहिजे.

२३/
शिकागोत त्यांनी रंजितपटलातील मेलॅनोमा हाती घेतला. किरणांनी गाठ मारता येत होती, पण ती आतच राहत होती. पेमन यांना ती बाहेर काढायची होती, आणि डोळा मात्र जागेवर ठेवायचा होता. आधी गाठीभोवती प्रकाशाने जाळून एक कडे तयार करायचे, म्हणजे तेथील रक्तवाहिन्या बंद होतात आणि दृष्टिपटल भिंतीला चिकटून बसते. कडे पक्के झाले की त्याच्या आतला भिंतीचा तुकडा, तिन्ही थरांसकट, गाठीसह कापून काढायचा.

२४/
आता डोळ्याच्या भिंतीला भगदाड पडले. आतला पारदर्शक गर बाहेर येऊ नये आणि डोळ्याचा गोळा खचू नये, म्हणून डोळ्याला बाहेरून आधार देणारी धातूची जाळी वापरली जाई. भगदाडावर ठिगळ लावायचे ते दुसऱ्या माणसाच्या श्वेतपटलाचे. म्हणजे एका मृताच्या डोळ्याच्या भिंतीने जिवंताच्या डोळ्याची भिंत सांधायची. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि दान केलेला डोळा येथे एकाच मेजावर आले. १९७४ मध्ये डेव्हिड ॲपल यांच्यासह पेमन यांनी हे तंत्र प्रसिद्ध केले.

२५/
विरोध होणे स्वाभाविक होते. कर्करोगाची गाठ असलेला डोळा उघडायचा, म्हणजे पेशी इतस्ततः पसरण्याची जोखीम घ्यायची. डोळा राखण्याच्या हौसेपायी जीव गमवायचा काय, हा प्रश्न गंभीर होता. पण १९७८ मध्ये वॉशिंग्टनचे विकृतिशास्त्रज्ञ लोरेंझ झिमरमन आणि त्यांचे सहकारी यांनी उलटाच प्रश्न विचारून खळबळ उडवली. डोळा काढल्याने कर्करोगाचा प्रसार थांबतो, की वाढतो? वॉर्ड्रॉपपासून चालत आलेल्या नियमाच्या मुळालाच हा धक्का होता.

२६/
हा वाद धुमसत असतानाच पेमन यांच्या प्रयोगशाळेत एक दुसरे काम चालू होते. लेझरच्या किरणांनी कॉर्नियाचा बाक बदलता येईल का, हे ते सशांवर तपासत होते. त्यांनी वापरला कार्बन डायऑक्साइड लेझर. बाक बदलला, पण उष्णतेने कॉर्निया भाजला आणि व्रण उरले. १९८० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाराकेर यांची लेथ थंडीने पेशी मारत होती, पेमन यांचा लेझर उष्णतेने. हत्यार अजूनही सापडले नव्हते.

२७/
ते हत्यार सापडले एका मद्रासी रसायनशास्त्रज्ञाला, आणि तेही टर्की पक्ष्याच्या उरल्यासुरल्या मांसात! १९२९ मध्ये मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतून उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन ते प्रयोगशाळेत आले आणि त्यावर त्यांनी एक्सायमर लेझरचे अतिनील किरण सोडले. मांसात सुबक चर पडली. आजूबाजूला भाजल्याची खूण नव्हती.

२८/
या किरणांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. त्यातील ऊर्जा रेणूंचे बंध थेट तोडते. पदार्थाचा पातळसा थर वाफ होऊन उडून जातो आणि उष्णता खाली झिरपण्याइतका वेळच मिळत नाही. श्रीनिवासन, सॅम्युअल ब्लम आणि जेम्स विन या तिघांचे हे काम. त्याची वार्ता नेत्रतज्ज्ञांपर्यंत पोहोचली. कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन ट्रोकेल श्रीनिवासन यांच्याकडे गेले आणि १९८३ मध्ये दोघांनी प्राण्यांच्या काढलेल्या डोळ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

२९/
ट्रोकेल यांच्या मार्गात कॉर्नियाचा वरचा पृष्ठभाग थेट लेझरने कोरला जाई. पेमन यांनी वेगळा विचार केला. वरचा थर संवेदनशील असतो, त्याला हात लावला की वेदना होतात आणि धूसरपणा राहू शकतो. म्हणून आधी बाराकेर यांच्यासारखा एक पापुद्रा कापायचा, पण पूर्ण वेगळा न करता वहीच्या पानासारखा उलटायचा. खालचा गाभा लेझरने कोरायचा. मग पान पुन्हा मिटायचे. टाका नाही, गोठवणे नाही. २० जून १९८९ रोजी त्यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले.

३०/
श्रेयाबाबत न्यायाने बोलायला हवे. ‘लेसिक’ हे नाव रूढ केले आणि ही शस्त्रक्रिया घडवून दाखवली ती क्रीट बेटावरील विद्यापीठाच्या इओआनिस पालिकारिस यांनी. पापुद्र्याचे मूळ बाराकेर यांचे, किरण श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांचे, कॉर्नियावर त्यांचा पहिला वापर ट्रोकेल यांचा, पापुद्र्याखाली लेझर चालवण्याचे पेटंट पेमन यांचे. एका शोधाला एकच जनक शोधण्याची आपली सवय येथे कामाची नाही.

३१/
तरीही पेमन यांच्या दोन कामांत एक साम्य दिसते. गाठीच्या शस्त्रक्रियेत आणि पापुद्र्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात सारखाच चालतो. जेवढे काढणे आवश्यक तेवढेच काढायचे, बाकीचे जपायचे, आणि उघडलेली भिंत पुन्हा मिटवायची. संपूर्ण डोळा काढण्याच्या परंपरेत वाढलेल्या शास्त्राला हा धडा गिरवायला दीडशेहून अधिक वर्षे लागली होती.

३२/
आता पुन्हा १९८८ मध्ये जाऊ. ट्रोकेल यांच्या मार्गाने सशांच्या, माकडांच्या आणि दृष्टिहीन मानवी डोळ्यांवर लेझर चालवून झाला होता. पण चांगला डोळा कोण देणार? किरणांनी डोळा बिघडला तर जबाबदार कोण? शिवाय जखम कशी भरते, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तर डोळा काढावाच लागतो, आणि पाहणारा डोळा प्रयोगासाठी काढणे हा गुन्हा. शास्त्राची येथे पुरती अडचण झाली होती. कर्करोगाने पीडित त्या बाईच्या देण्याने ती सुटली.

३३/
तिला स्वतःला या प्रयोगातून काहीही मिळणार नव्हते. डोळा जाणारच होता, नंबर उतरला काय किंवा न उतरला काय. उलट मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोंडावर एक जादा शस्त्रक्रिया आणि तिच्या वेदना तिने पत्करल्या. मॅकडोनाल्ड यांनी तो डोळा कोरला, तपासला, आणि तो काढल्यावर कॉर्नियाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढच्या रुग्णांचा रस्ता त्यातून मोकळा झाला. १९९५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या शस्त्रक्रियेसाठी लेझरला मान्यता दिली.

३४/
आणि झिमरमन यांच्या प्रश्नाचे काय झाले? त्याचे उत्तर मिळवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांनी एक प्रदीर्घ चाचणी हाती घेतली. मध्यम आकाराचा मेलॅनोमा असलेले १३१७ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत विभागले. एका गटाचा डोळा काढला, दुसऱ्यावर किरणोत्सर्गी चकती लावली. २००१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के, दुसऱ्यात ८२ टक्के. फरक जवळजवळ नव्हताच.

३५/
याचा अर्थ काय? डोळा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार ठरली. आणि मध्यम गाठीसाठी डोळा काढल्यानेच जीव वाचतो, ही श्रद्धाही ढासळली. आज बहुतेक ठिकाणी अशा गाठींवर आधी किरणोपचाराचा विचार होतो. पेमन यांची भिंत कापण्याची शस्त्रक्रिया अवघड असल्यामुळे निवडक रुग्णांपुरती आणि निवडक हातांपुरती राहिली. परंतु डोळा राखण्याचा प्रयत्न करणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे नव्हे, हे सिद्ध झाले.

३६/
मोठ्या गाठींसाठी आणि उशिरा सापडलेल्या रेटिनोब्लास्टोमासाठी डोळा आजही काढावा लागतो, आणि तेथे वॉर्ड्रॉपचा सल्ला आजही जीव वाचवतो. त्या काढलेल्या डोळ्यांनीही ज्ञान दिले आहे. त्यांतील गाठींच्या अभ्यासातून १९८६ मध्ये रेटिनोब्लास्टोमाचे जनुक हाती आले. पेशींना अनिर्बंध वाढण्यापासून रोखणारे, आणि बिघडले की कर्करोगाला वाट देणारे असे जनुक वेगळे काढण्यात विज्ञानाला तेव्हा प्रथमच यश आले.

३७/
१ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान करण्यात आले. मानकऱ्यांत शिराझचे घोलाम पेमन होते. त्याच समारंभात मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी ब्लम व विन यांचाही गौरव झाला. पापुद्रा उलटणारा आणि किरण शोधणारा, दोघेही त्या दिवशी एकाच छताखाली होते.

३८/
त्या समारंभात ओलोमोउत्सच्या त्या मुलाचे नाव घेण्याचे कुणाला कारण नव्हते. न्यू ऑर्लीन्सच्या त्या बाईला पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शोधांच्या यादीत शोधकांची नावे राहतात. ज्यांच्या डोळ्यांवर ते शोध उभे राहिले, त्यांची बहुधा राहत नाहीत. मुलाच्या बाबतीत तर निवडीला वावच नव्हता, त्याचा डोळा जाणारच होता. बाईने मात्र जाणीवपूर्वक निवड केली. इतिहास वाचताना हा फरक आपण तरी विसरू नये.

३९/
शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कॉर्निया कारखान्यात बनवून गरजूंना पुरवता येईल असा दिवस अजून आलेला नाही. झिर्मच्या मजुराला हवे होते तेच आजही हवे आहे: दुसऱ्या माणसाचा कॉर्निया. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान करता येते. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी चालते. कर्करोगाने मृत्यू पावलेल्या अनेकांचेही कॉर्निया स्वीकारले जातात. रक्ताचा आणि डोळ्याचा कर्करोग हे प्रमुख अपवाद. अंतिम निर्णय नेत्रपेढीचे डॉक्टर घेतात.

४०/
घरातल्या वडीलधाऱ्यांशी हा विषय काढणे सोपे नसते, हे मान्य. पण वेळ आल्यावर तो काढायला सहा तास फार थोडे पडतात. म्हणून आधीच बोलून ठेवावे. धागा येथे संपतो. शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. पुढच्या धाग्यात मद्रासच्या एग्मोर नेत्ररुग्णालयाकडे वळू.